दुर्बीण कपाटातून बाहेर काढा : आमच्या गावच्या शाळेच्या मंडळींना खुलं पत्र

मा. मुख्याध्यापक सर, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि सगळे सदस्य, तसंच केंद्रप्रमुख साहेब,

नमस्कार.

हे पत्र मी ऑफिसात आणून देऊ शकले असते, पण अर्ज देऊन झालाय आणि त्याचं उत्तर तोंडीच मिळालंय, म्हणून आता सगळ्या पालकांनी वाचावं असं उघड लिहितेय. शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला शाळेची बदनामी करायची नाही, माझी लेक तिथंच सातवीत शिकते. आणि माझी खात्री आहे की सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ शाळांत हेच चाललंय, त्यामुळं वाचणाऱ्यानं आपापल्या शाळेचं नाव मनात धरावं.

झालं असं की आम्ही काही पालकांनी मिळून साधा अर्ज दिला होता. १० जानेवारी २०२६ ला गुरू ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला, म्हणजे सूर्य मावळला की तो पूर्वेला वर येतो आणि पहाटेपर्यंत आकाशात असतो, असा योग साधारण तेरा महिन्यांनी येतो. शाळेत दुर्बीण आहे. तर २४ जानेवारीच्या शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ मैदानावर मुलांना गुरू, शनी आणि चंद्र दाखवू, पालक सोबत थांबतील, शाळेला एक रुपया खर्च नाही, एवढीच विनंती होती. उत्तर आलं की शाळा सुटल्यावर कुठलाही कार्यक्रम घ्यायचा नाही असं मीटिंगमध्ये ठरलंय, वरून परिपत्रक नाही, आणि दुर्बीण किमती वस्तू असल्यामुळं ती ऑफिसच्या कपाटातच राहील.

हा निर्णय मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर सांगते.

माझं शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान आहे हे तुम्हाला माहितीच आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, प्रोजेक्टचं सामान. त्यामुळं वर्गात काय शिकवलं जातं ते मला काउंटरवर कळतं. दरवर्षी एक लाट येते, 'काकू सूर्यमालेचं चित्र काढून द्या', 'काकू थर्माकोलचे गोळे आहेत का', आणि मी नेटवरून तेच ते चित्र प्रिंट करून देते, डावीकडं सूर्य आणि उजवीकडं सगळे ग्रह एका ओळीत, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. मुलं ते कार्डशीटवर डकवतात, खाली नावं लिहितात, मार्क मिळतात, आणि प्रोजेक्ट वर्षाच्या शेवटी रद्दीत जातो. एकदा तिसरीतला एक मुलगा ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, काकू, हे एवढे जवळ आहेत तर धडकत का नाहीत? हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे होता, आणि त्याचं उत्तर पुस्तकात वाचून नाही, गावातून चालत जाऊन द्यायला पाहिजे होतं. कसं ते पुढं सांगते.

आधी तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार दुर्बिणीची. ती शाळेनं विकत घेतलेली नाही, माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून दिलीय, साडेचार इंची, आरशाची. एवढ्या दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, गुरूच्या अंगावरचे दोन पट्टे दिसतात, शनीची कडी दिसतात आणि चंद्रावरची विवरं तर एवढी स्पष्ट दिसतात की पहिल्यांदा बघणारं माणूस डोळा काढायला तयार होत नाही. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र बघितले तेव्हा त्याच्याकडची दुर्बीण हिच्यापेक्षा कितीतरी साधी होती. गुरूच्या बाजूला बारीक ठिपके, आणि रोज त्यांची जागा बदलते, म्हणजे ते गुरूभोवती फिरतायत, म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं हे खरं नाही, एवढी मोठी गोष्ट त्यानं नुसतं बघून आणि वहीत टिपून ओळखली. त्यातला आयो नावाचा चंद्र साधारण ४२ तासांत एक फेरी मारतो, त्यामुळं मुलांना संध्याकाळी सातला आणि परत नऊला चित्र काढायला सांगितलं तर दोन चित्रांत फरक दिसू शकतो. आपल्या मुलांना हे जमणार नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी त्यांना एकदा बघू द्यावं. आणि बंद कपाटात ठेवून ती वस्तू सुरक्षित राहत नाही सर, दमट हवेत काचेला आणि आरशाला बुरशी धरते, पावसाळ्यात तर नक्कीच. दुर्बीण न वापरताही खराब होते.

दुसरी गोष्ट मला जास्त लागलीय. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. रात्री अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि ८२ मिनिटं सावलीत होता. त्या दिवशी शाळेच्या पालक ग्रुपवर काय मेसेज आला? ग्रहणकाळात मुलांना घराबाहेर सोडू नये, खाऊपिऊ घालू नये, ग्रहण सुटल्यावर आंघोळ घालावी. कुणी पालकानं टाकला असता तर मी काही बोलले नसते, ज्याची त्याची श्रद्धा. पण तो शाळेच्या नंबरवरून आला. त्याच शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकवतात की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. मग मुलानं कुणाचं ऐकायचं, पुस्तकाचं की ग्रुपचं? चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघायला काहीच धोका नसतो. ढग असले तर दिसणार नाही एवढंच. चंद्रावर पडलेली सावली गोल असते, त्यावरून पृथ्वी गोल आहे हे माणसानं दोन हजार वर्षांपूर्वी ताडलं होतं, आणि आपण मुलांना घरात कोंडा म्हणून सांगतोय.

तिसरं, भिंत. शाळेच्या बोलक्या भिंती रंगवल्या त्याला फार वर्षं झालेली नाहीत. त्यावर नऊ ग्रह आहेत, नववा प्लूटो. प्लूटोला २००६ मध्ये प्रागच्या परिषदेत ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवलं, त्यानंतर जन्मलेली मुलं आता कॉलेजला गेली. पुस्तकात आठ, भिंतीवर नऊ. भिंत पुसून टाका असं मी म्हणत नाही, उलट प्लूटो तिथंच राहू द्या पण त्याच्याशेजारी सेरेस, एरिस, हौमिया, माकेमाके लिहा आणि हे बटुग्रह का ते एका ओळीत सांगा. प्लूटोची गोष्ट मुलांना फार आवडते, मी दुकानात सांगून बघितलीय. १९३० मध्ये सापडला, सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला २४८ वर्षं लागतात, म्हणजे सापडल्यापासून त्याची एक फेरीसुद्धा झालेली नाही. आणि सेरेस तर त्याच्या कितीतरी आधी, १ जानेवारी १८०१ ला सापडला, तेव्हा त्यालाही ग्रहच म्हणायचे, मग मंगळ आणि गुरूच्या मधे तसलेच आणखी तुकडे सापडत गेले आणि त्याला लघुग्रहांत टाकलं, आता तो बटुग्रह आहे. म्हणजे नवीन माहिती आली की शास्त्रज्ञ जुनं बदलतात, हे मुलांना कळायला एवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही. जुन्या भिंतीमुळं तेच हातातून जातं.

चौथं, धडा कधी शिकवतात. पाचवीत सूर्यमाला परिसर अभ्यासात सुरुवातीलाच आहे, म्हणजे जूनमध्ये, तेव्हा आभाळ भरलेलं. सहावीपासून पुढं आकाशाचा धडा पुस्तकाच्या शेवटी येतो, म्हणजे मार्च, तेव्हा परीक्षा तोंडावर, मग एका तासात वाचून संपवला आणि स्वाध्याय घरी करायला दिला. आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने आपल्या माणदेशात आभाळ स्वच्छ असतं, तेव्हा शाळेत सूर्यमालेचं नावसुद्धा निघत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना तारे बघायला गाडी करून बाहेर जावं लागतं, आपल्या मुलांना अंगणात यावं लागतं. धड्यांचा क्रम थोडा पुढंमागं करायला कुणाची आडकाठी असेल असं मला वाटत नाही.

आता पाठांतर. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीत 'सर्वात मोठा ग्रह', 'सर्वात उष्ण ग्रह' असल्या प्रश्नांची झेरॉक्स मी गठ्ठ्यानं काढते. उत्तर येतं, कारण येत नाही. सूर्याजवळ बुध असताना जास्त तापतो शुक्र, असं का? शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची दाट हवा आहे, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळं तिथं साधारण ४६५ अंश सेल्सिअस असतं, दिवसाही आणि रात्रीही. बुधावर हवा जवळजवळ नाहीच, त्यामुळं रात्री तो उणे १८० पर्यंत गार पडतो. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. तसंच थंडीचं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर, आणि जुलैत लांब, १५ कोटी २० लाखांवर. तरी आपण जानेवारीत कुडकुडतो. थंडी-उन्हाळा सूर्याच्या अंतरानं ठरतो असं मुलांना विचारा, बहुतेक हो म्हणतील, मोठी माणसंही म्हणतील. पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून ऋतू होतात, हे अंगणात काठी रोवून वर्षभर दुपारची सावली मोजली की आपोआप कळतं. साताऱ्याच्या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. मे सुट्टीत जातो, पण ऑगस्टमध्ये शाळा असते, ऊन पडलं तर दाखवा की. याला दुर्बीणही लागत नाही आणि परिपत्रकही.

आणि एक छोटं. गेल्या वर्षी जुलैत बाहेरच्या ताऱ्यांकडून आपल्या सूर्यमालेत आलेला एक धूमकेतू सापडला, थ्री आय ॲटलास, अशी बाहेरून आलेली, माणसाला सापडलेली ही फक्त तिसरी वस्तू. डिसेंबरात तो पृथ्वीपासून जवळात जवळ आला तेव्हासुद्धा २७ कोटी किलोमीटर लांब होता. मुलांच्या मोबाइलवर मात्र एलियनचं यान पृथ्वीवर येतंय म्हणून रील फिरत होती, माझ्या लेकीच्या मैत्रिणी घाबरून मला विचारायला आल्या. शाळेत एखाद्या परिपाठाला पाच मिनिटं यावर कुणी बोललं असतं तर पुरे होतं.

तुमच्या अडचणी मला कळतात. ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराच्या नोंदी ठेवा, निवडणूक आली की तिकडं जा, गुरुजी आणि मॅडम किती वाजता घरी जातात ते मी दुकानातून बघते. म्हणून आम्ही शिक्षकांवर काम टाकतच नव्हतो. मुलींना रात्री कोण सोडणार, असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं म्हणे. त्याच मुली नवरात्रात आणि गावच्या यात्रेला रात्री असतातच की, आईबापांबरोबर. बचत गटातल्या आम्ही बायका थांबायला तयार आहोत, तसं अर्जात लिहिलं होतं. दुर्बीण मोडली तर भरून कोण देणार, याचंही उत्तर अर्जात आहे, ज्यांनी दिली ती माजी विद्यार्थी मंडळी दुरुस्तीचा खर्च उचलणार आहेत. मग उरतं फक्त परिपत्रक. स्नेहसंमेलन रात्री दहापर्यंत चाललं तेव्हा कुठलं परिपत्रक आलं होतं?

तो तिसरीतला मुलगा, त्याचं उत्तर. आमचा असा प्रस्ताव आहे की थर्माकोलचा प्रोजेक्ट बंद करून गावातून सूर्यमालेची वाट आखायची. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर असं माप धरायचं. शाळेच्या गेटवर १ मीटर ३९ सेंटिमीटर व्यासाचा सूर्य रंगवायचा. तिथून ५८ मीटरवर बुध, अर्ध्या सेंटिमीटरचा मणी. शुक्र १०८ मीटरवर. पृथ्वी १५० मीटरवर, १३ मिलिमीटरची, म्हणजे खेळायच्या गोटीपेक्षा किंचित लहान, आणि तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर ज्वारीच्या दाण्याएवढा चंद्र. माणूस आत्तापर्यंत लांबात लांब गेलाय तो तेवढाच. मंगळ २२८ मीटरवर, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं. मग लघुग्रहांचा पट्टा, ३३० ते ४८० मीटर, तिथं सेरेस जेमतेम एक मिलिमीटर. गुरू १४ सेंटिमीटरचा, पार ७७८ मीटरवर, दूध डेअरीपाशी. शनी जवळजवळ दीड किलोमीटरवर. युरेनस २ किलोमीटर ८७० मीटर, आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, पुढच्या वाडीच्या पाटीपाशी, तोही फक्त पाच सेंटिमीटरचा. मधल्या सगळ्या रस्त्यावर जवळजवळ काही नाही. मुलं तेवढं चालून आली की धडकत का नाहीत हे कुणाला सांगावं लागणार नाही. आणि याच मापानं प्रकाश किती पळतो बघा, सेकंदाला तीन लाख किलोमीटर म्हणजे आपल्या रस्त्यावर ३० सेंटिमीटर, एका सेकंदाला एक फूट. गेटपासून त्या चालीनं सावकाश निघालं की पृथ्वीपर्यंत जायला आठ मिनिटं वीस सेकंद, नेपच्यूनपर्यंत चार तासांच्या वर. यानंतर वरच्या वर्गातल्या एखाद्याला विचारा की सूर्य सोडून जवळात जवळचा तारा या मापानं कुठं येईल. हिशोब केला तर चाळीस हजार किलोमीटर येतं, सगळ्या पृथ्वीला एक फेरा मारायचा तेवढं. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा परत परत तपासला होता.

या वाटेला रंग, पत्र्याच्या पाट्या आणि एक टेप लागतो. पाट्या मी दुकानातून करून देते, पैसे नकोत.

आपल्या भागाशी हे सगळं जोडता येतं हेही सांगायचंय. आपल्या डोंगरांचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थंड झालेला. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ज्यात आपण ससा बघतो, तेही बेसाल्टच, तिथला लाव्हा थंड झालेला, फक्त आपल्यापेक्षा कितीतरी जुना, तीनशे कोटी वर्षांच्याही पलीकडचा. आणि बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर अशाच बेसाल्टमध्ये बाहेरून आदळलेल्या अशनीनं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. चंद्रावरची विवरं दुर्बिणीतून बघितलेल्या मुलाला लोणार नुसतं सहलीचं ठिकाण वाटणार नाही. शेतकऱ्याच्या घरात मृग, आर्द्रा हे रोज बोलण्यात असतं, जूनमध्ये मृग निघाला म्हणतात तेव्हा सूर्य आकाशाच्या त्या भागात आलेला असतो, आणि तीच मृगाची चांदणी या महिन्यात संध्याकाळी पूर्वेला वर आलेली दिसते. जुन्या बायका त्यातल्या तीन चांदण्यांना तिकांडं म्हणतात, त्यांना ओळखता येतं, त्यांच्या नातवंडांना येत नाही.

शनीचं पण सांगते, कारण आपल्याकडं शनी म्हटलं की मुलांना फक्त साडेसाती आणि शनिवारचं तेल माहिती असतं. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, बारा राशींनी भागा, एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. सातवीतल्या मुलानं हे गणित स्वतः केलं की त्याची भीती बरीच कमी होते, आणि कुणाच्या श्रद्धेला धक्काही लागत नाही. त्यात २०२५ च्या मार्चमध्ये शनीच्या कड्यांची पातळ कड बरोबर आपल्याकडं झाली होती, सध्या एक बारीक रेघ दिसते, आणि आता दरवर्षी ती थोडी थोडी उघडत जाणार आहेत, २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद दिसतील. असं सुमारे पंधरा वर्षांनी एकदा होतं. म्हणजे आज पाचवीत असलेल्या मुलानं दरवर्षी एकदा दुर्बिणीतून शनीचं चित्र काढलं तर दहावीपर्यंत त्याच्याकडं कडी उघडत जाण्याची स्वतः बघितलेली नोंद असेल. हे पहिलं चित्र या महिन्यात निघायला पाहिजे, कारण शनी पश्चिमेला उतरत चाललाय आणि मार्चमध्ये सूर्याजवळ जाऊन दिसेनासा होईल. म्हणून आम्हाला घाई आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांना जाताना एक वही द्या, रोज चंद्र दिसला की त्याचा आकार काढ आणि वेळ लिही म्हणावं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे त्यांना उसाच्या फडात बसूनही सापडेल, आणि परत आल्यावर वर्गाला सांगण्यासारखं त्यांच्याकडं काहीतरी असेल. या मुलांचा विचार कुठल्याच उपक्रमात होत नाही, इथं तरी व्हावा.

नारळीकर सर गेल्या मे महिन्यात गेले, तेव्हा शाळेच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आणि श्रद्धांजली होती. ते आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले, जगभर नाव झालं आणि परत येऊन पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तिथं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी शास्त्रज्ञांची व्याख्यानं ठेवायची पद्धत पडली. सातारा ते पुणे ११० किलोमीटर. आपली सहल दरवर्षी वॉटर पार्कला जाते, एक वर्ष आयुकाला नेऊ, किंवा नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस मोठ्या तबकड्या असलेली रेडिओ दुर्बीण आहे, जगभरातले शास्त्रज्ञ तिच्यावर काम करायला येतात.

आमच्या मागण्या अशा.

दुर्बीण कपाटातून काढून एका शिक्षकाच्या आणि एका पालकाच्या ताब्यात द्यावी, नोंदवही ठेवावी, आणि दिवाळी ते मे दर महिन्याला एक आकाशदर्शन ठेवावं, शक्यतो शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या दरम्यान. पौर्णिमेला नको, तेव्हा चंद्रावर सावल्या पडत नाहीत आणि विवरं सपाट दिसतात.

पहिली तारीख २१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळची शाळा असते, मुलं दुपारी आराम करून येतील. चंद्रकोर असेल आणि गुरू वर आलेला असेल. शनी तेव्हा फार खाली गेलेला असेल, म्हणून त्याच्यापुरतं जानेवारीतच, निदान पाचवीच्या मुलांना, सूर्य मावळल्यावर अर्धा तास बोलवावं. त्या वेळात मैदानाजवळचा हायमास्ट बंद ठेवायला ग्रामपंचायतीला शाळेनं पत्र द्यावं.

भिंतीवरची सूर्यमाला दुरुस्त करावी आणि थर्माकोलच्या प्रोजेक्टऐवजी वर सांगितलेली वाट पुढच्या वर्षी आखावी.

आकाशाचे धडे दिवाळीनंतर घ्यावेत, सगळ्या वर्गांना.

शाळेच्या नंबरवरून ग्रहणाबद्दल भीती घालणारा मेसेज परत जाऊ नये. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग असू शकतात, पण तयारी ठेवावी. सूर्याकडं नुसत्या डोळ्यांनी किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून बघायचं नाही, दुर्बिणीतून तर अजिबात नाही, योग्य दर्जाचे ग्रहण चष्मे आधी मागवावेत आणि नसले तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडावी. त्या दिवशी सुट्टी देऊन मुलांना घरी पाठवू नये.

आणि केंद्रप्रमुख साहेब, तुम्हाला एक वेगळी विनंती. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक सत्र संध्याकाळी ठेवा, आमच्या मैदानावर ठेवा, शिक्षकांनी स्वतः गुरूचे चंद्र बघावेत. ज्यांनी स्वतः कधी दुर्बिणीला डोळा लावला नाही त्यांच्याकडून मुलांना दाखवण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही, त्यांनाही ती संधी कुणी दिलेली नाही.

हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही मांडणार आहोत. त्याआधी समितीची मीटिंग घेऊन लेखी उत्तर द्यावं, होकार असला तरी आणि नकार असला तरी. नकार असला तर कारण कुठल्या नियमाखाली आहे तेही लिहावं, म्हणजे पुढं कुणाकडं जायचं ते आम्हाला कळेल.

आपली,
शाळेसमोरच्या झेरॉक्स दुकानातली, सातवीतल्या मुलीची आई